रुमालाखालचा भाव

परवीनने पेरूच्या फोडीतला बियांचा गर चमच्याने अलगद खरवडून काढला आणि उरलेल्या पांढऱ्या भागाचे बोराएवढे तुकडे केले. बिया सासऱ्यांच्या कवळीत अडकत, म्हणून हा उद्योग. मग संत्र्याच्या फोडी सोलून झाल्या, अंजिरं चार-चार भागांत उघडली, चिकू आणि पपई चिरली, दोन स्ट्रॉबेऱ्या उभ्या कापल्या आणि सगळ्यांवर मूठभर डाळिंबाचे दाणे पसरले. लिंबू पिळलं, चिमूटभर काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरवली, शेवटी चमचाभर मध. काचेचा वाडगा तिने खिडकीतल्या उन्हात धरून पाहिला. जानेवारीतल्या त्या गार सकाळी तो इतका देखणा दिसत होता की तिच्याच तोंडाला पाणी सुटलं.

बाहेरच्या खोलीत दादामियाँ पलंगावर उशीला टेकून बसले होते. तिने वाडगा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आत डोकावून पाहिलं. ओठ हलले. ते काहीतरी मोजत होते.

"हे सगळं गाळ्यावरून आलंय?"

"हो अब्बा. आजच पहाटे."

"सगळंच?"

"सगळंच. आज सात प्रकारची फळं आहेत."

दादामियाँनी डोळे मिटले, वाडगा हाताने दूर सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

या घरात एरवी सगळे दखनी बोलत. पण दादामियाँचं आयुष्य मार्केट यार्डाच्या फळबाजारात आडत्या म्हणून शेतकऱ्यांशी हुज्जत घालण्यात गेलं होतं, त्यामुळे फळांविषयी आणि रागात ते मराठीतच बोलत. सध्या दोन्ही गोष्टी रोज सकाळी एकत्र येत होत्या. दिवाळीत ते न्हाणीघरात घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड मुकाट्याने जुळलं, पण भूक मात्र त्या न्हाणीघरातच राहिली असावी. गाल आत गेले, सदऱ्यात दुसरा एक माणूस मावेल अशी अवस्था झाली.

डॉक्टर नीरजाबाईंनी रक्त तपासून परवीनला बाजूला घेतलं. गोळ्या पुरेशा आहेत, म्हणाल्या, आता औषध स्वयंपाकघरात आहे, आणि तुम्ही तर फळबाजाराच्या कुशीत राहता. पेरूने आणि संत्र्याने अंगात लोह मुरतं, अंजिराने पोट साफ राहतं, पपई पचायला हलकी, डाळिंबाने तोंडाला चव येते. हिवाळ्यात जे पिकतं ते सगळं थोडं थोडं, वेगवेगळ्या रंगांचं, बारीक कापून द्या. पुढच्या तपासणीला वजन असंच उतरलेलं दिसलं तर मात्र दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल, हेही त्यांनी सांगून टाकलं.

हे ऐकायला सासूबाई घरात नव्हत्या. अख्तरबानू मुलीच्या बाळंतपणासाठी मिरजेला गेल्या होत्या. जाताना त्यांनी कमरेच्या किल्ल्या परवीनच्या हातात दिल्या आणि नवऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, मी परत येईपर्यंत हे चालते-फिरते झाले पाहिजेत. उन्हाळ्यात लग्न होऊन आलेल्या सुनेवर एवढा मोठा कारभार आला होता. तो कारभार रोज भिंतीकडे तोंड करत होता.

सगळ्यात वाईट म्हणजे हे तिने कोणाला सांगितलंच नव्हतं. नवरा, इम्तियाज, तांबडं फुटायच्या आत गाळ्यावर जाई. रोज लिलाव सुरू व्हायच्या आधी तो स्वतः पेट्या उघडून वरच्या थरातली फळं काढी आणि हमालाबरोबर घरी पाठवून देई. अब्बांना सांगू नकोस, वरच्या थराला हात लावलेला त्यांना खपत नाही, एवढं त्याने बजावलं होतं. दुपारी तो घरी आला की वाडगा रिकामा दिसे आणि त्याच्या जिवात जीव येई. तो वाडगा रोज कोण रिकामा करतं हे सांगायची परवीनला लाज वाटे. इतकी चांगली फळं टाकायची तरी कशी? घरात एकाच माणसाचं वजन वाढत होतं, आणि ते माणूस दादामियाँ नव्हते.

आपलं काय चुकतंय हे तिला कळत नव्हतं. गोड जास्त झालं म्हणून तिने मध कमी केला. चव लागत नसेल म्हणून जिरं वाढवलं. एकच एक फळ खाऊन कंटाळा येत असेल म्हणून प्रकार वाढवत नेले. चाराचे पाच झाले, पाचाचे सहा. दर वाढीव फळाबरोबर सासऱ्यांचा चेहरा आणखी काळवंडे. आपल्या हातचं त्यांना नको आहे, या अर्थापाशी ती येऊन थांबली होती, आणि तिथे आली की तिला रडू येई.

तो संक्रांतीचा दुसरा दिवस होता. सात फळांचा वाडगा तसाच पडलेला असताना दारावर काठी वाजली. सर्जेराव आले होते. आज जिथे कर्वेनगरच्या सोसायट्या उभ्या आहेत, तिथल्या एका तुकड्यावर त्यांची पेरूची बाग होती आणि त्या बागेचा सगळा माल दादामियाँच्या गाळ्यावर उतरत असे. पुढे बागेच्या जागी इमारती आल्या. बिल्डरशी करार करताना सर्जेरावांनी आवारातली दोन झाडं तेवढी राखून घेतली होती. संक्रांतीला तिळगूळ आणि त्या झाडांचे पेरू घेऊन येण्याचा नेम त्यांनी मोडला नव्हता.

त्यांनी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि दोस्ताच्या उतरलेल्या चेहऱ्यावरून त्यांची नजर शेजारच्या न शिवलेल्या वाडग्यावर गेली. त्यांनी तो उचलून निरखला.

"काय दादामियाँ, गाळ्यावर माल तुंबलाय जनू?"

परवीन चहा आणायला निघाली होती, ती दारातच थबकली. दादामियाँ उशीवरून उठून बसले. इतक्या दिवसांत ते आपले आपण उठून बसलेले तिने पाहिले नव्हते.

"तुलाही दिसलं ना?" त्यांनी वाडग्याकडे बोट दाखवलं. "आधी चार होती. मग पाच. आज सात. सात तऱ्हेचा माल डागी निघतोय, सर्जेराव. पोरगा गाळा बुडवणार. आणि मी त्याच्या लग्नानंतरच्या दावतीत, वलीम्यात, शंभर माणसांसमोर किल्ली देताना जबान दिलीय की गाळ्याबद्दल एक शब्द विचारणार नाही. विचारू कसं?"

परवीनला काहीच उलगडेना. फळं डागी? तिने रोज एकेक फळ हातात फिरवून पाहिलं होतं. ती पुढे आली आणि काही विचारणार, तेवढ्यात तिच्या चेहऱ्यावरचा गोंधळ सर्जेरावांनीच वाचला.

"तुला ठावं न्हाई व्हय, सूनबाई?" ते म्हणाले. "ह्या घरात चांगल्या फळाला सुरी लागत न्हाई. चांगलं ते गिऱ्हाइकाचं. दबलेलं, डागाळलेलं ज्ये खपत न्हाई, त्याचा नासका भाग काढायचा आन् उरल्यालं घरात कापून खायाचं. कापल्यालं फळ म्हंजे धंद्यातली खोट. म्या पन्नास वर्सं येतोय, हितं अख्खा आंबा काय बघितला न्हाई."

ही रीत परवीनच्या वाट्याला आलीच नव्हती. गाळा हातात आल्यापासून इम्तियाज डागी माल परस्पर रसवाल्यांना देऊन टाकत होता. म्हणजे ती जितक्या प्रेमाने एकेक फळ वाढवत गेली, तितकी सासऱ्यांच्या लेखी एकेक पेटी सडत गेली. तिला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. ती स्वयंपाकघरात गेली आणि पहाटे आलेल्यांतल्या उरलेल्या फळांची टोपली घेऊन आली. एकेक अख्खं फळ तिने दादामियाँच्या रजईवर मांडलं.

दादामियाँनी पहिल्यांदा संत्रं उचललं. तळहातावर वजन तोललं, देठाजवळ अंगठा दाबला, नाकाशी नेलं. मग डाळिंब कानाजवळ धरून बोटाने वाजवलं. अंजीर तर त्यांनी नुसतं पाहिलं आणि हलकेच खाली ठेवलं. आजारी माणसाचे वाटणारे ते हात बघता बघता कामाला लागले होते.

"वरचा थर," दादामियाँ म्हणाले.

"रोज वरचाच असतो, अब्बा. ते स्वतः निवडून पाठवतात. तुमच्यासाठी. तुम्ही रागवाल म्हणून सांगू नको म्हणाले होते."

म्हाताऱ्याचा चेहरा आधी उजळला, गाळा शाबूत होता. मग त्यावर हळूहळू आठ्या जमल्या. वरच्या थराला सुरी? गिऱ्हाईक ज्या थराकडे बघून पेटी घेतं, तो थर या पोरांनी घरात कापून खायचा? डागी असतं तर एक वेळ खाल्लं असतं, पण हे कसं घशाखाली उतरणार? एवढं सगळं त्यांनी एका दमात ऐकवलं आणि वाडगा पुन्हा दूर सारला. सर्जेरावांनी कपाळाला हात लावला. नासकं म्हणून इतके दिवस खाल्लं नाही, आता चांगलं म्हणून खाणार नाही, असा हा न्याय होता.

परवीन पलंगाच्या कडेला बसली. सासऱ्यांसमोर ती अशी कधी बसली नव्हती.

"अब्बा, माझे वडील वाईला शाळेत मास्तर होते. आमच्याकडे पगाराच्या दिवशी एक सफरचंद यायचं. एकच. वडील ते स्वतः कापायचे, आणि ज्याला पहिली फोड मिळेल तो त्या दिवशी घरातला सगळ्यात लाडका. आम्ही भावंडं त्यावरून भांडायचो." तिने दूर सारलेला वाडगा पुन्हा पुढे ओढला. "मी रोज तुम्हाला पहिली फोड देते. तुम्ही ती परत करता."

दादामियाँनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग आपल्या हातांकडे. त्यांना काहीतरी बोलायचं होतं हे दोघांनाही दिसत होतं. पण इतके दिवस फुगून बसलेल्या माणसाला एकदम चमचा उचलायचा म्हणजे सुनेपुढे आणि दोस्तापुढे हार खायची, आणि हार खाण्याची सवय त्यांना बाजाराने लावली नव्हती. खोलीत सगळं अडून बसलं.

हे ओळखलं सर्जेरावांनी. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि दादामियाँच्या मांडीवर पसरला.

"चल. भाव कर."

दादामियाँच्या मिशीखाली काहीतरी हललं. पूर्वी बाजारात उघड बोली नसे. आडत्या आणि घेणारा यांचे हात एका रुमालाखाली जात आणि बोटं धरून आकडा ठरे. किती बोटं धरली, कोणती सोडली, हे त्या दोघांनाच कळे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोण किती उतरला आणि कोण किती चढला हे कोणाला दिसत नसे. त्यामुळे कोणाची मान खाली जात नसे. पुढे ती पद्धत बंद झाली, पण जुन्या हातांना ती कशी विसरणार?

"माल सूनबाईचा," सर्जेरावांनी बजावलं. "घेणार तू. आन् आडत्या मी. जनमभर माझ्या पेरूवर आडत खाल्लीस, आज माझी पाळी."

दोन म्हातारे हात टॉवेलाखाली गेले. टॉवेलाला सुरकुत्या पडल्या, एक टोक वर उचललं गेलं, पुन्हा बसलं. दोघांचे चेहरे खऱ्याखुऱ्या सौद्यासारखे गंभीर. परवीनला आकड्यांतलं काही कळत नव्हतं, पण तिची नजर टॉवेलावरून हटत नव्हती. बऱ्याच वेळाने सर्जेरावांनी हात बाहेर काढला.

"सौदा झाला. चमचा आन, पोरी."

दादामियाँनी पहिला चमचा तोंडात घातला. अंजीर होतं. ते सावकाश चघळत राहिले.

"सासवडकडचं," ते म्हणाले. "एक दिवस लवकर तोडलंय." दुसरा चमचा गेला. तिसऱ्याला ते थांबले. "पेरूत बी नाही?"

"मी काढते, अब्बा. कवळीत अडकते ना."

"एकेक?"

"चमच्याने निघतात. वेळ लागतो थोडा."

पुढचा पेरूचा तुकडा दादामियाँनी चमच्यात घेऊन क्षणभर पाहिला आणि मगच तोंडात घातला. त्यानंतर चमच्याने वेग घेतला. संत्र्याचा आंबट रस, डाळिंबाचा करकरीत दाणा, मधात भिजलेला चिकू, मध्येच जिऱ्याची चव. साठ वर्षं फळांत घालवलेला माणूस वरच्या थराची चव बहुधा पहिल्यांदाच घेत होता, आणि ती लपवणं त्याला जमत नव्हतं. आडत म्हणून सर्जेरावांनी मधूनच दोन फोडी उचलल्या. तिसऱ्या फोडीला दादामियाँनी त्यांच्या हातावर चमचा मारला. परवीन पदराने तोंड झाकून हसली.

सर्जेराव निघाले तेव्हा ती जिन्यापर्यंत गेली. काका, भाव कितीला ठरला, तिने विचारलं. किती फोडी, किती वाडगे, रोजचं काय ते तिला कळायला हवं होतं.

सर्जेराव एक पायरी उतरून थांबले.

"आकडा कसला, पोरी. म्या बोटं धरली, तर त्यानं माझा पंजाच धरून ठिवला. सोडीनाच. लई दिस एकलाच पडलाय गं त्यो." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "त्याला सांगू नगंस म्या बोललो त्ये."

तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने फळं दादामियाँसमोर बसूनच चिरायला घेतली. आधी अख्खं फळ त्यांच्या हातात, त्यांनी पास केलं की मग सुरी. एकदा त्यांनीच सुरी मागून घेतली, बिनडागाचा पेरू पुढ्यात ठेवला आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. हात धजेना. शेवटी सुरी परवीनकडे देऊन ते म्हणाले की हे धाडस तुम्हा मास्तरांच्या लोकांनाच जमतं. मग मांडीवर टॉवेल अंथरला गेला. तिने चार फळांसाठी चार बोटं धरली, त्यांनी दोन. ती चारावर अडून राहिली. मास्तरांची मुलगी घासाघीस बरी करते, असं त्यांनी दुपारी इम्तियाजला सांगितलं. ती स्तुती होती हे कळायला परवीनला रात्र व्हावी लागली.

तपासणीच्या दिवशी ते वजनाच्या काट्यावर काठी टेकत स्वतः चढले. नीरजाबाईंनी काटा पाहिला, रक्ताचा अहवाल पाहिला आणि नळीचा विषय पुन्हा काढला नाही. मग परवीनकडे बघून, तुमच्याही गालांवर चांगली लाली आलीय, असं म्हणाल्या. परवीन खाली बघत राहिली.

अख्तरबानू न कळवता आल्या. रिक्षातून उतरून, बोचकं सांभाळत, धापा टाकत त्या दारात उभ्या राहिल्या. समोर नवरा खिडकीशी खुर्चीत ताठ बसलेला, पुढ्यात स्टुलावर सून, दोघांचे हात एका टॉवेलाखाली आणि दोघांचे चेहरे भांडण निकराला आल्यासारखे. शेजारी काचेचा वाडगा रंगांनी भरलेला. हे काय चाललंय, त्यांनी विचारलं.

परवीन गडबडून उठली. सगळं तिने एका दमात सांगितलं. डागी माल, वरचा थर, सर्जेरावकाका, आडत, रोजचा भाव. आपण खाऊन टाकलेले वाडगेसुद्धा आज सांगून झाले. अख्तरबानू उंबऱ्यावरच ऐकत होत्या. चालतं-फिरतं करायला सांगून गेलेलं माणूस त्या वरपासून खालपर्यंत न्याहाळत होत्या. त्यांना काय वाटलं ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, पण तोंडाने त्या निराळंच बोलल्या.

"एवढ्या वर्षांत चारचौघांत या माणसाने माझं कधी बोट धरलं नाही. आणि तिकडे बाजारात रोज लोकांचे हात धरून बसत होता."

दादामियाँ खिडकीबाहेर बघत राहिले, जणू खाली कोणाचा तरी ट्रक लागत होता. मग त्यांनी मांडीवरचा टॉवेल उचलला, झटकला, पुन्हा नीट पसरला आणि त्याची एक कड वर धरून ठेवली.

"भाव कर," ते म्हणाले.

अख्तरबानूंनी सुनेकडे पाहिलं. बोचकं खाली ठेवलं, ओढणी सारखी केली आणि स्टुलावर बसल्या. त्यांचा हात टॉवेलाखाली गेला.

टॉवेल थोडासा हलला. मग हलायचा थांबला. अख्तरबानूंनी काहीतरी टोचून बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

चमचा आणते, असं पुटपुटत परवीन स्वयंपाकघरात गेली. चमचा खरं तर वाडग्यातच होता. तिने सर्जेरावांनी कालच पाठवलेला, त्यांच्या झाडाचा एक पेरू घेतला, मधोमध कापला आणि बिया काढायला बसली. आज तिने चमचा घेतला नाही. सुरीच्या टोकाने एकेक बी वेगळी करत ती कितीतरी वेळ तिथेच बसून राहिली.